बेनिग्नाच्या वहीतलं शेवटचं पान

१

"लेखणी उचललीस की आधी आजचं वचन लिही. तुला काय सांगायचं ते त्याच्या खाली."

थिओडोराबाईंचा हा आवाज मला अजून ऐकू येतो. आमच्या फ्रीडेनटाल गावच्या मुलींच्या शाळेत त्या आम्हाला अक्षर शिकवायच्या. वर्षातल्या प्रत्येक दिवसासाठी आमच्या ख्रिस्ती मंडळीत बायबलमधलं एक वचन ठरलेलं असतं. चिठ्ठ्या टाकून काढलेलं आणि नवं वर्ष लागायच्या आधीच छापून घरोघर आलेलं. ते माथ्यावर नसलं तर बाई पान फाडून हातात द्यायच्या. पत्र असो, वाण्याची यादी असो, नाहीतर साबणाची कृती असो. त्यांच्या हाताखालून गेलेल्या आम्हा मुलींचं अक्षर एकसारखं झालं आणि ही खोडही एकसारखीच लागली.

अठराशे सत्तावन्न सालच्या मे महिन्यातली गोष्ट. त्या शुक्रवारी विधवागृहातल्या माझ्या खोलीत मी प्रार्थनेला बसले होते. दिवसाचा कुठलाही तास प्रार्थनेवाचून जाऊ नये म्हणून आम्ही तास वाटून घेतले आहेत. चार ते पाच माझा. बावीस वर्षांत तो चुकला नव्हता. साडेचारच्या सुमाराला दाराबाहेर पावलं वाजली आणि थांबली. पाचचा ठोका पडल्यावर मी दार उघडलं, तर पाळकसाहेब भिंतीला टेकून उभे.

"अर्धा तास उभा आहे, सालोमेताई," ते म्हणाले. "तास मोडवेना."

"काय झालं?"

"बेनिग्नाताईंची वही सापडली."

"देवाची कृपा! कुठे?"

त्यांनी माझ्या खांद्यावरून आत पाहिलं. माझ्या पलंगावर रोझिना झोपली होती. बेनिग्नाची नऊ वर्षं सेवा करून, तिच्या दफनाच्या वेळी कबरीपाशीच कोसळलेली पोर. तीन दिवस ती तापात होती. आज कुठे घाम आला होता.

"तिच्या पेटीत," पाळकसाहेब हळूच म्हणाले. "तळाशी. कपड्यांखाली."

२

ती वही म्हणजे साधी वही नव्हे. बेनिग्नाच्या आईने अठराशे नऊ साली ती सुरू केली. प्रीतिभोजनाचे, म्हणजे सणाला साऱ्या मंडळीने उपासनेत एकत्र बसून खायचे, गोड बन, साखरेचा केक, सफरचंदाचा मुरांबा, खोकल्याचं औषध, सगळं दोन पिढ्यांच्या हातचं. गावातली जमीन आणि घरं मंडळीची. पण एक रीत पडून गेली होती. वही जिच्याकडे, तिने ऑगस्टच्या प्रीतिभोजनाचे बन भाजायचे, आणि तिनेच भट्टीघराच्या दोन खोल्यांत राहायचं. बेनिग्ना लग्नावाचून राहिली, मूलबाळ नव्हतं. तीन मेच्या पहाटे ती गेली. पाच तारखेला तिला पुरलं आणि त्याच दिवशी फळीवरून वही नाहीशी झाली.

"सोमवारी नऊ वाजता वडीलजनांची सभा आहे," पाळकसाहेब म्हणाले. "चोरी सिद्ध झाली तर रोझिनाला गाव सोडावं लागेल. तिला तर कुणीच नाही. तुम्ही जरा बघाल का? तुमच्यापुढे लोक बोलतात."

"मी बोलत नाही म्हणून बोलतात," मी म्हटलं आणि शाल घेतली.

भट्टीघरात बेनिग्नाची भाची फ्रेडेरिका टेबलाशी बसली होती. फिलाडेल्फियात लग्न करून गेलेली, डोक्यावर आमच्यासारखी टोपी नाही, केस सैल बांधलेले. तिची आई आग्नेस चुलीपाशी कप पुसत होती. आग्नेस म्हणजे बेनिग्नाच्या धाकट्या भावाची विधवा, आणि शाळेत माझ्याच बाकावर बसलेली.

"या, मावशी," फ्रेडेरिका म्हणाली. "पाळकसाहेबांनी हेर पाठवलाय वाटतं?"

"वही बघायला आले, बाळ."

"बघा ना. पण हात धुऊन. आत्या असती तर तिने आधी तेच सांगितलं असतं."

मी हात धुतले. तिने वही उघडून शेवटचं पान पुढे केलं. माथ्यावर एक वचन होतं, हरवलेलं मेंढरू खांद्यावर घेऊन येणाऱ्या मेंढपाळाचं. खाली तारीख होती अकरा फेब्रुवारीची. आणि त्याखाली बेनिग्नाच्या अक्षरात लिहिलं होतं:

"ही वही मी रोझिनाला देते. भट्टी तिने चालवावी. नारिंगाची वाळवलेली साल बटाटे उकडलेल्या पाण्यात आदल्या रात्री भिजत घालावी आणि त्याच पाण्यात पीठ मळावं. बेनिग्ना."

"बघितलंत?" फ्रेडेरिका म्हणाली. "फेब्रुवारीत लिहिलंय म्हणे! मग तीन महिने तोंडाला कुलूप का? आत्याने त्या मुलीला अक्षर शिकवलं, ते असं फेडलं तिने. वही चोरली, पान लिहिलं, पेटीत दडवलं."

"पेटी कुणी उघडली?"

"मी. एकटीने नाही हं. ट्राउगॉट भटारी साक्षीला होता. मला ठाऊक होतं काय निघणार ते."

"तुला वही कशाला हवी गं? तू भट्टी चालवणार?"

तिचे गाल लाल झाले. "छापायला. आमच्याकडे एक छापखानेवाले आहेत, ते तयार आहेत. इथे पिठात लोळून वाळवी खाणार तिला. शेकडो घरांत जाईल आजीची वही. यात वाईट काय आहे सांगा."

वाईट काही नव्हतंच. मी पानाकडे पाहत राहिले. त्या वचनाने मनात काहीतरी टोचलं, पण काय ते हाती लागेना.

"एक शंका आली," मी म्हटलं. "खोटं पान माणूस दाखवायला लिहितो. रोझिनाने लिहिलं असेल तर दफनाच्याच दिवशी सगळ्यांसमोर धरलं असतं. दडवलं कशाला?"

फ्रेडेरिकाने वही मिटली. मग म्हणाली, "वेळ बघत असेल. आत्याने असं काही ठरवलं असतं तर शेवटी बोलली नसती? आई होती ना त्या रात्री उशाशी. सांग ना गं, आई."

आग्नेसने कप उजेडात धरून पाहिला. "झोपेतच गेली ती. एक अक्षर बोलली नाही."

"झालं!" फ्रेडेरिका उठली. "आणि मावशी, अक्षराचंच म्हणाल तर तुमचंही हुबेहूब असंच आहे. मुलगी तुमच्याच खोलीत झोपलीय. सोमवारी सभेत मी हेही विचारणार आहे."

३

विधवागृहाच्या पायऱ्या चढताना फ्रेडेरिकाचंच बोलणं डोक्यात होतं. उद्या ही गोष्ट गावभर होणार, आणि मी ज्याला बोलतं करायला जाईन तो मनात म्हणणार, बाई स्वतःची कातडी वाचवतेय.

रोझिना उठून बसली होती. तिला सारं कुणीतरी आधीच सांगितलं होतं. अशा कामाला आमच्या गावात माणूस कमी पडत नाही.

"मावशी, मी पेटी आत्ताच बांधते," ती म्हणाली. "काढून टाकण्याआधी आपणच जावं."

"कुठे जाशील?"

"ते माहीत नाही."

"मग बस. आणि खरं खरं सांग. वहीला हात लावलास?"

"दफनाच्या दिवशी सकाळी फळी पुसली तेव्हा बाजूला केली, परत ठेवली. तेवढाच."

"बनचं पाणी तुला ठाऊक होतं?"

"कसलं पाणी?"

मी तिच्याकडे नीट पाहिलं. नऊ वर्षांत तिने एकदाही पहिलं पीठ भिजवलेलं नव्हतं. बेनिग्ना तिला नेमकी त्या वेळी विहिरीवर पाठवायची. "वहीत सगळं आहे, फक्त एक सोडून," म्हणायची, "ते तोंडातून कानात जायचं असतं." आणि ईस्टरला, बेनिग्नाला उठवेना तेव्हा, रोझिनाने एकटीने बन भाजले होते. साऱ्या मंडळीने ते खाल्ले होते. कुणी काही बोललं नाही, पण दुसरा कुणी मागितलाही नाही.

"ईस्टरचे बन आठवतात ना, मावशी?" ती म्हणाली. "बेनिग्नाताईंनी एक घास घेतला आणि माझा हात थोपटला. ते थोपटणं मला शिव्यांपेक्षा लागलं."

ईस्टर होतं बारा एप्रिलला. पान फेब्रुवारीत हिच्या हाती पडलं असतं, तर हिने एप्रिलमध्ये सपक बन कशाला भाजले असते?

पण तेवढ्याने वडीलजनांचं समाधान झालं नसतं. ईस्टरनंतर बेनिग्ना तीन आठवडे जिवंत होती आणि रोझिना रात्रंदिवस तिच्या उशाशी होती. तेव्हा ऐकलं असेल, मग मागची तारीख टाकून लिहिलं असेल, असं कुणीही म्हणालं असतं.

खरं सांगायचं तर माझ्याही मनात ते येऊन गेलं.

"तिच्या शेवटच्या रात्री तू कुठे होतीस?" मी विचारलं.

"झोपले होते, मावशी." तिचा चेहरा पडला. "पाच रात्रींची जागी होते. आग्नेसताई म्हणाल्या, जा, मी बसते. मी गेले. आणि मनोऱ्यावरून मरणाच्या तुताऱ्या वाजल्या तेव्हा जाग आली."

४

शनिवारी सकाळी ट्राउगॉट भटाऱ्याकडे गेले. साठीचा गडी, कोपरापर्यंत पीठ. पाव चांगले करतो, बन मात्र तीस वर्षं बेनिग्नासारखे जमले नाहीत. गावातली पोरं त्याचे बन गोफणीत घालतात म्हणे. ते तोच सांगतो.

"या, या! सालोमेताई, तुमच्यावर संशय आहे म्हणे? अभिनंदन. या गावात माझ्याशिवाय कुणावर संशय आला याचा आनंद वाटतो."

"तुमच्यावर कसला?"

"वहीचा! पहिलं नाव माझंच निघालं होतं. आपल्यात शपथ घ्यायची रीत नाही, नाहीतर शपथेवर सांगितलं असतं."

"दफनाच्या दिवशी तुम्ही भट्टीघरात कशाला गेला होतात?"

त्याचे हात पिठात थांबले. "कोण म्हणालं?"

"कुणी नाही. तुम्ही कबरीपाशी नव्हता. मी मोजलं होतं."

तो हसला, पण ओशाळून. "कॉफीबरोबरचा पाव पोचवायला गेलो होतो. आणि... हो, फळीकडे पाहिलं. वाटलं, दोन मिनिटं मिळाली तर बनचं पान वाचून घ्यावं. तीस वर्षांची भूक आहे, ताई. पण फळी रिकामी होती."

"तेव्हाच?"

"तेव्हाच. तुम्ही सगळे अजून कबरस्थानात होतात. आग्नेसताई गुडघ्यामुळे मागे राहिल्या होत्या, कप मांडत होत्या. त्यांना विचारलं तर म्हणाल्या, रोझिनाने सकाळी आवरताना कुठेतरी ठेवली असेल."

म्हणजे संशय फिरून रोझिनाकडेच आला. मी निघणार होते. मग पानावरचं ते शेवटचं वाक्य त्याला सांगितलं. साल, बटाट्याचं पाणी, आदली रात्र.

ट्राउगॉटने तोंड उघडलं ते तसंच राहिलं. "पाण्यात? साल पाण्यात? मी तीस वर्षं ती कुटून पिठात घालतोय! पेटी उघडली तेव्हा फ्रेडेरिकाने ते पान मला धड दाखवलंच नाही हो."

"आज रात्री भिजत घाला," मी म्हटलं. "उद्या सकाळच्या उपासनेआधी एक बन मला द्या. फक्त एक. आणि कुणाला बोलू नका."

"रविवारी भट्टी पेटवायची?"

"पेटवा. पाळकसाहेबांना मी सांगेन."

घरी आले आणि रोजच्यासारखी वचनपुस्तिका उघडली, कारण सकाळच्या गडबडीत त्या दिवसाचं वचन वाचायचं राहून गेलं होतं. नऊ मे. पान जरा मागे उलटलं गेलं, आणि माझी नजर तिथेच खिळली.

मेंढपाळाचं ते वचन होतं. खांद्यावरचं मेंढरू. अकरा फेब्रुवारीचं मुळीच नव्हे. मी फेब्रुवारी काढला. तिथे वेगळंच, दिव्याबद्दलचं वचन होतं.

मेंढपाळाचं वचन सहा मेचं होतं. बेनिग्नाला पुरलं त्याच्या दुसऱ्या दिवसाचं.

५

त्या दिवशी माझा चार ते पाचचा तास कसा गेला हे सांगायला लाज वाटते. डोळे मिटलेले, ओठ हलत होते, आणि मन मात्र त्या पानाभोवती फिरत होतं.

सहा मेला बेनिग्ना मातीखाली होती. रोझिना माझ्या पलंगावर तापाने बडबडत होती आणि तिच्या कपाळावरच्या घड्या मी बदलत होते. ते वचन मी तिच्या उशाशीच मोठ्याने वाचलं होतं. म्हणून तर ते मनात टोचत होतं. तिच्या हातात त्या दिवशी चमचा राहत नव्हता, लेखणी कुठली राहणार?

मग आदल्या दिवसांत तिने पुढचं वचन पाहून लिहिलं असेल? ते कशासाठी? लबाडी करायला बसलेला माणूस पुस्तिका उघडतो, अकरा फेब्रुवारी काढतो आणि दिव्याचं वचन उतरवतो. फ्रेडेरिका असती तर तिने तसंच केलं असतं, नाहीतर वचन लिहिलंच नसतं. तिने शाळा शहरात केली. आणि रोझिनाला अडकवायला म्हणून मुद्दाम चुकीचं वचन घातलं असतं, तर सर्वांत आधी तिनेच त्यावर बोट ठेवलं असतं. तिने तर तिकडे पाहिलंही नव्हतं.

ही चूक लबाड माणसाची नव्हतीच. लेखणी हातात येताच ज्याची बोटं डोक्याला न विचारता आजचं वचन लिहून मोकळी होतात, त्याची ही चूक. तारीख खोटी लिहायची हे ठरवून आलेला माणूस, पण वचन खोटं लिहायचं हे त्याच्या हाताला कुणी शिकवलंच नव्हतं.

थिओडोराबाईंचा असा हात गावात आता दोघींचाच उरला होता. त्यांतला एक माझा.

तरीही मी मनाला म्हटलं, थांब. अक्षर आणि सवय म्हणजे पुरावा नव्हे. मैत्रिणीवर असा आळ घेण्याआधी आणखी एक गोष्ट कळायला हवी. ते पाणी बेनिग्नाचंच का? लिहिणारीने ते मनाने रचलं असेल, तर सगळंच पान खोटं. आणि खरं असेल, तर ते कुणीतरी बेनिग्नाच्याच तोंडून ऐकलं होतं.

रविवारी सकाळी ट्राउगॉट फडक्यात गुंडाळलेला एक बन घेऊन आला. त्याने तो माझ्या हातावर ठेवला. त्याचे डोळे ओले होते. मी एक तुकडा तोडून तोंडात टाकला.

पुढे मला चावता येईना. बेनिग्ना तिथे उभी असावी, असा तो घास होता.

"तीस वर्षं, ताई," ट्राउगॉट म्हणाला. "आणि बाई एका वाक्यात सांगू शकली असती."

"तिने सांगितलं," मी म्हटलं. "कुणालातरी सांगितलं."

६

उपासनेनंतर आग्नेसच्या खोलीवर गेले. पेटी दोरीने बांधून दाराशी ठेवलेली होती. पुढच्या आठवड्यात ती लेकीबरोबर फिलाडेल्फियाला कायमची जाणार होती. टेबलावर लोकरीचा एवढासा झगा होता, अजून एक बाही राहिलेली.

"नातीला," ती म्हणाली. "तीन वर्षांची झाली. अजून पाहिलं नाही मी तिला. तुला ठाऊकच आहे."

मला ठाऊक होतं. चार वर्षं मायलेकींत पत्रसुद्धा नव्हतं. बेनिग्नाच्या मरणाने दोघी एका खोलीत आल्या होत्या.

मी उरलेला बन टेबलावर ठेवला. शेजारी वचनपुस्तिका, सहा मेचं पान उघडून.

आग्नेसने बनकडे पाहिलं, पुस्तिकेकडे पाहिलं. सुया खाली ठेवल्या.

"कधी कळलं?"

"दिवस काल कळला. माणूस आज. ती झोपेत गेली नाही, आग्नेस."

"नाही." तिने लोकरीचा गुंडा बाजूला सारला. "पहाटे तीनला डोळे उघडले तिने. म्हणाली, रोझिनाला उठव. मी म्हटलं, झोपू दे गं पोरीला, मला सांग, मी सांगेन. मग तिने माझ्या कानात सांगितलं. साल, पाणी. आणि म्हणाली, वही रोझिनाची, भट्टी रोझिनाची. मंडळीत सांगशील ना? मी म्हटलं, सांगेन. तेवढ्यासाठीच थांबली होती बघ. लगेच गेली."

"मग का नाही सांगितलंस?"

"दुसऱ्या दिवशी फ्रेडेरिका आली. आल्या आल्या माझ्या गळ्यात पडली. म्हणाली, आई, झालं गेलं सोड, तू माझ्याकडे चल. आणि पुढचं वाक्य, आत्याची वही आता माझी ना?" आग्नेसने दोन्ही हात मांडीवर उलटे ठेवले. "काय सांगू तिला? नाही म्हणू? चार वर्षांपूर्वी एकदा, तिच्या लग्नाला, नाही म्हटलं होतं."

"म्हणून मेलेल्या बाईला बोलायला लावलंस."

"खोटं काय बोलायला लावलं? तिचेच शब्द होते सगळे!" तिचा आवाज चढला आणि तसाच खाली आला. "वाटलं, तिच्याच अक्षरात तिचंच म्हणणं सापडलं तर कुणाचं मन मोडायला नको. दफनाच्या दिवशी तुम्ही गेल्यावर टोपलीत घातली वही. दुसऱ्या दिवशी लिहिलं आणि भट्टीघरातल्या रोझिनाच्या पेटीत ठेवली. फेब्रुवारीत ती हिंडती फिरती होती, म्हणून ती तारीख. तारीख लिहिताना हात कापत होता गं."

"आणि वचन लिहिताना?"

"वचन लिहिलेलं मला आठवतसुद्धा नाही."

मला हसू आलं आणि रडूही.

"रोझिना परत आली की पेटी उघडेल, तिलाच मिळेल, असं धरून चालले होते," आग्नेस म्हणाली. "फ्रेडेरिका आधी उघडेल हे कुठे ठाऊक होतं? चोर, चोर म्हणून ती ओरडली तेव्हा मी कप पुसत होते. सगळे कप पुसून झाले तरी पुसत होते."

"आणि ट्राउगॉटला रोझिनाचं नाव सांगितलंस."

तिने मान खाली घातली. "ते तोंडातून निघून गेलं. निघाल्यावर परत घेता येत होतं. नाही घेतलं."

खालच्या रस्त्यावरून मुलं गात गेली.

"उद्या नऊला सभा आहे," मी म्हटलं. "मी गप्प बसले तर ती पोर गावाबाहेर जाईल. मला बोलावं लागेल, आग्नेस."

"तू नको बोलूस." तिने माझं मनगट धरलं. "मी बोलते. पण आधी तिच्याशी. वडीलजनांच्या तोंडून, परक्यांच्या देखत, आपल्या आईबद्दल ऐकायला नको तिला. सकाळी ती उतरलीय त्या सराईत जाऊन सांगेन, मग सभेत येईन."

"ती परत तोडेल."

"तोडेल." झग्याची अर्धी बाही तिने बोटांनी सरळ केली. "शब्द देते तुला."

मी उठले. दारात मागे वळून पाहिलं. ती बन खात नव्हती. नुसता वास घेत होती.

७

माणसाच्या शब्दावर विश्वास ठेवावा असं मी रोज प्रार्थनेत मागते. तरी त्या संध्याकाळी खिडकीतून पाहिलं, तर सराईचा गडी आग्नेसची बांधलेली पेटी हातगाडीवर घालून नेत होता. फिलाडेल्फियाची घोडागाडी सोमवारी आठलाच सुटते. मी खिडकी लावून घेतली. रोझिनाला काही सांगितलं नाही.

सोमवारी साडेसातला रोझिना अंथरुणाच्या घड्या घालून कोपऱ्यात उभी होती. केस विंचरलेले, टोपीची कुमारिकेची गुलाबी फीत नीट बांधलेली.

"मावशी, मी सभेत काय बोलू?"

"विचारलं तर खरं सांग. नाही विचारलं तर बस."

आठला शिंग वाजलं. घोडागाडी चौकातून गेली. आत दोन व्यापारी आणि एक टोपलीवाली बाई होती. टोपल्यांमागे आणखी कुणी होतं का ते मला दिसलं नाही. धूळ खाली बसायला फार वेळ लागला.

आठ वाजून दहा मिनिटं. आठ वाजून वीस. प्रार्थनामंदिराचं दार उघडलं, वडीलजनांतले पहिले दोघे आत गेले. ट्राउगॉट पायऱ्यांवर उभा राहून पिठाचे हात पाठीमागे लपवत होता.

तेवढ्यात पलीकडचं दार उघडलं.

आग्नेस बाहेर आली. अंगावर उपासनेचा काळा झगा, टोपीला विधवेची पांढरी फीत, हातात काही नाही. गुडघ्यावर जोर देत ती एकेक पायरी उतरली. चौकात येऊन थांबली. उजवीकडे प्रार्थनामंदिर, आणि ट्राउगॉट तिला हात करत होता. डावीकडे सराई, आणि वरच्या मजल्यावर फ्रेडेरिकाच्या खिडकीचा पडदा अजून ओढलेला होता.

"आग्नेसताई कुठे चालल्यात?" रोझिनाने माझ्या खांद्यामागून विचारलं. "सभा तर इकडे आहे."

"येतील," मी म्हटलं. "त्यांना आधी एक काम आहे."

आग्नेसने फीत एकदा चाचपली आणि ती डावीकडे वळली.